कॉम्प्युटर बंद पडायचा तेव्हा घरात कोण होतं

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो खोक्यातून नाही, पिशव्यांमधून आला. कॅबिनेट एका ऑफिसच्या भंगारातलं, मॉनिटर दादाच्या मित्राने वापरून सोडलेला, मदरबोर्ड आणि रॅम गंगापूर रोडवरच्या एका दुकानातून घेतलेले, आणि हार्ड डिस्क पॉलिटेक्निकमधल्या मैत्रिणीच्या काकांनी नवी घेतली तेव्हा त्यांच्या मशीनमधून उतरलेली. दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं मी मधल्या खोलीत सतरंजीवर मांडून बसले, तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "हे शिजवायचं कधी?" मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वतःला भारी शहाणी समजत होते. चौथ्या दिवशी तो सुरू झाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, बाजाराचं आटपून आले होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं हाय." आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक कुणाचंच कधी झालं नाही.

आमचा मळा गंगापूर रोड सोडून नदीच्या अंगाला उतरलं की लागायचा. आता तिथे लिफ्ट असलेल्या इमारती आहेत आणि त्यांना गुलाबांची इंग्रजी नावं दिलेली आहेत, याचं मला हसूही येतं आणि रागही येतो. तेव्हा खरे गुलाब होते. दीड एकर गुलाब, बाकी मेथी-कोथिंबीर, बांधाला झेंडू. उजाडायच्या आत खुडणी, मग वर्तमानपत्रात गुंडाळून बांधलेल्या जुड्या, आणि दादा त्या जुड्यांचे क्रेट घेऊन फुलबाजारात. तो गेला की घर जरा मोकळं व्हायचं. शेतातली मोटर लागली की तिची घरघर भिंतीतून ऐकू यायची. चुलीवर बाजरीच्या भाकरी, तव्यात मिरची-लसणाचा ठेचा आणि कच्च्या मेथीचा घोळाणा, एवढ्यावर आमची न्याहारी व्हायची. त्यानंतर आईचं धुणं. घराच्या मागच्या भिंतीला लागून काळ्या दगडाची एक रुंद फरशी होती. आई त्यावर कपडे असे आपटायची की आम्ही कोणत्या दिवशी काय खोडी केली ते आवाजावरून समजावं. साबणाचं पाणी तिथूनच वाहत शेजारच्या अळूच्या वाफ्यात जायचं. गुरुवार सोडून रोज. गुरुवारी आमच्याकडे कपड्यांना साबण लागत नसे. आईचा तो उपासाचा आणि देवाचा वार.

मार्गशीर्षात दादाचं लग्न झालं. वहिनी सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या, बारावी झालेल्या, नाव सुनंदा. त्या माझ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या, पण आमच्याकडे वहिनीला "अहो" म्हणायची रीत, म्हणून मी "अहो वहिनी" म्हणायची आणि त्या मला "ताई" म्हणायच्या. सकाळी डोक्यावर पदर घेऊन कामाला लागलेल्या वहिनी दुपारी माझ्या मागे उभ्या राहून पडद्याकडे बघायच्या. "ताई, याला आतून दिसतं का आपण काय करतोय ते?" असले प्रश्न विचारायच्या. मी हसायची. आज वाटतं, प्रश्न अजिबात चुकीचा नव्हता. त्यांच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे ही आमच्या घरात नवीन गोष्ट होती. लसणाच्या फोडणीत उकळणाऱ्या त्या पातळ रश्शाचा वास मधल्या खोलीपर्यंत आला की माझ्याने टायपिंग होत नसे. आप्पा दोनदा मागून घ्यायचे. आई म्हणायची, "बरे झालेत, पण आमच्याकडं एवढं तिखट खात नाय," आणि स्वतःही दोनदा घ्यायची.

वहिनींच्या वडिलांनी लग्नात वॉशिंग मशीन दिलं होतं. आईला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. पाणी आणि करंट एका डब्यात घालायचा म्हणजे मरायची लक्षणं, असं तिचं ठाम मत. मशीन न्हाणीघरात बसलं, त्याची नळी न्हाणीच्या मोरीत सोडली, आणि ती मोरी घराच्या पलीकडच्या बाजूला वाहत असे. वहिनींनी धुणं आपल्याकडे घेतलं. मागचा दगड मोकळा झाला. त्यावर आता मांजर झोपायचं. याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. कुणीच दिलं नाही.

महाशिवरात्रीनंतर कॉम्प्युटरने दगा द्यायला सुरुवात केली. काम चालू असताना आतून "टक" असा बारीक आवाज यायचा, पडदा काळा व्हायचा, पंखा गप्प. कधी तो आपला आपणच परत सुरू व्हायचा, कधी दहा मिनिटं हू की चू नाही. दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी दोन दिवस काहीच नाही. कायम बंद पडलेलं मशीन दुरुस्त करणं सोपं असतं. अधूनमधून बंद पडणारं मशीन माणसाला वेड लावतं, कारण प्रत्येक उपायानंतर ते थोडा वेळ चालतं आणि आपल्याला वाटतं, जमलं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात होता. तीन वेळा पानंच्या पानं गेली. मी रॅम काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले. सगळ्या केबली काढून परत खोचल्या. प्रोसेसरवरचा पंखा साफ केला. पॉवर सप्लाय बदलला, तो बदललेलाही बदलला. कॉलेजच्या लॅबमधून मल्टिमीटर आणून एका सकाळी प्लगमधलं व्होल्टेज मोजलं, ते ठीक निघालं, आणि "वीज बरोबर आहे" असं ठरवून तो विषय मी कायमचा मिटवला. एकदाच मोजलं, तेही सकाळी. आता शिकवताना मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, की एकदा मोजणं म्हणजे न मोजणं. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही.

शेवटी कॅबिनेट दादाच्या स्कूटरवर बांधून दुकानात नेलं. दुकानात ते दोन दिवस अखंड चाललं. दुकानदार माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जशी डॉक्टरांची असते, पेशंटला काहीच झालेलं नसलं की. "मॅडम, मशीन एकदम ओके आहे. घरी कुणी हात वगैरे लावतं का?" तो म्हणाला. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. घरी आले आणि एक वही केली. रकाने आखले: तारीख, वेळ, काय काम चालू होतं, उकाडा किती, आणि शेवटचा, घरात कोण. हा शेवटचा रकाना मी का आखला हे मला पक्कं आठवतं. कुणीतरी मिक्सर लावताना माझ्या प्लगला धक्का देतंय, असा माझा संशय होता. कुणीतरी म्हणजे कोण, हे मी लिहिलं नव्हतं, पण मनात नाव होतं. आई, आप्पा, दादा त्या घरात जन्मभर होते. नवीन माणूस एकच होतं.

त्याच सुमाराला घरात आणखी पडझड झाली. फ्रीजचा कॉम्प्रेसर जळाला. स्वयंपाकघरातल्या दोन ट्यूबलाइट लागोपाठ गेल्या. मागचा अळू वाळला, इतका की आप्पांच्या आवडीच्या फतफत्यासाठी अळू बाजारातून विकत आणायची वेळ आली, आणि मळ्यातल्या माणसाने भाजी विकत आणणं ही आमच्याकडे शरमेची गोष्ट. भावकीतली एक बाई हळदीकुंकवाला आली होती, ती सगळं ऐकून नुसती म्हणाली, "सून कवा आली म्हणायची?" बस, एवढंच. पायगुण हा शब्द तिने उच्चारलासुद्धा नाही. तो आमच्या घरात तिच्या मागे राहिला आणि रोज जेवायला बसायला लागला. आई वाईट बाई नव्हती हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. तिने वहिनींना कधी उपाशी ठेवलं नाही की हात लावला नाही. पण तिच्या डोळ्यांत भीती आली होती, आणि घाबरलेल्या माणसाला समजावणं दुष्ट माणसाला समजावण्यापेक्षा अवघड असतं.

रंगपंचमीला वहिनी पाच दिवस माहेरी गेल्या. कॉम्प्युटर पाच दिवस एकदाही बंद पडला नाही. आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस गेल्या. आठ दिवसांत मी अर्धा रिपोर्ट पुन्हा टाइप केला. परत आल्या, आणि तिसऱ्या दिवशी दोनदा टक. माझी वही भरत चालली होती, आणि शेवटच्या रकान्यात जिथे जिथे बिघाड होता तिथे तिथे "वहिनी" हा शब्द होता. मी रात्रंदिवस पायगुण बियगुणची टिंगल करणारी मुलगी. कॉलेजात अंधश्रद्धेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं. पण खरं सांगते, त्या वहीवर माझाही विश्वास बसायला लागला होता. माझ्याच हाताने लिहिलेलं होतं सगळं, निळ्या शाईत, वेळेसकट.

आईला वाचता येत होतं. मी कॉलेजला गेलेले असताना तिने ती वही वाचली. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते, वहिनी वाढत होत्या. आई दादाला म्हणाली, "सुनंदाला पुढच्या रविवारी सिन्नरला सोडून ये. राहू दे चार-सहा महिने. बरं वाटलं म्हंजी बघू."

"मला काय झालंय, आई?" वहिनींनी विचारलं. भाकरीची दुरडी त्यांच्या हातातच होती.

"तुला काय नाय. घराला झालंय."

"आई, असं काय बोलतेस," मी म्हणाले.

"मी बोलत नाय. तुझीच वही बोलतीय. अडाणी बाईचं नको ऐकू, शिकलेल्या पोरीनं लिहिलंय ना? ही नसती तवा चालतं, ही असती तवा बंद पडतं. मंग?"

आप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. दादा ताटाकडे बघत होता. माझा भाऊ चांगला आहे, मेहनती आहे, पण त्या दुपारी तो आमटीत भाकरी कुस्करत राहिला, कुस्करत राहिला, तिचा पार काला झाला तरी. चार-सहा महिने माहेरी राहिलेल्या सुनेचं पुढे काय होतं हे त्या पंगतीत प्रत्येकाला ठाऊक होतं. आमच्याच भावकीत एक होती तशी. तिचे सहा महिने अजून संपले नव्हते. आणि हे सगळं माझ्या वहीवर येऊन ठेपलं होतं.

भांडी घासून झाल्यावर वहिनी मधल्या खोलीत आल्या. रडून डोळे लाल झाले होते, पण आवाज साधा होता. म्हणाल्या, "ताई, ती वही दाखवा." मी दिली. त्या जमिनीवर बसून एकेक ओळ बोटाने वाचत गेल्या. आखाजीच्या आठवड्यापाशी बोट थांबलं.

"ही वळ का खोडली?"

एक ओळ होती खरी. गुरुवार, दुपारी साडेतीन. मी त्यावर दोन रेघा मारल्या होत्या. "त्या दिवशी लाइट गेली असेल असं वाटलं मला," मी म्हणाले.

"गेली व्हती का?"

"नक्की आठवत नाही."

"तवा मी सिन्नरला व्हते, ताई."

मला तोंड लपवायला जागा हवी होती. हिशेबात बसत नाही म्हणून मी ती नोंद खोडली होती. लबाडी करायची म्हणून नव्हे. पण आकृती इतकी सुबक जमून आली होती की हा एक डाग मला बघवला नाही. लगेच उठून मी आईकडे गेले आणि तिला ती ओळ दाखवली. ती निवडलेली मेथी सारखी करत म्हणाली, "एका दिसानं काय व्हतंय? बाकीचं बघ की."

मी परत आले तेव्हा वहिनी कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटसमोर बसल्या होत्या. "याचं तुम्ही काय काय बदललं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एकेक पार्ट काढायचा, दुसरा लावायचा, फरक पडतो का बघायचं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग मलाबी तसंच बदला की. तुमच्या वहीत मी हाय, पण मी काय करते ते नाय. मी घरातच राहते. रोज एक काम आईंसारखं करते. मी नसताना आई जसं करत्यात, तसं. बघू कोणत्या कामाला हा रुसतो."

मी तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. हे मला सुचलं नव्हतं.

सोमवारी वहिनींनी मिक्सरला हात लावला नाही. चटणी, वाटण सगळं पाट्यावर. दुपारी दोनदा टक. मंगळवारी न्हाण्याचं पाणी हीटरऐवजी चुलीवर तापवलं. दुपारी टक, संध्याकाळी टक. आई येता-जाता बघत होती. सून पाट्यावर वाटते, चूल पेटवते, यात तिला तक्रार करण्यासारखं काही सापडत नव्हतं. बुधवारी वहिनींनी वॉशिंग मशीनचा प्लग काढून ठेवला, चादरींसकट सगळ्या घराचं धुणं मागच्या दगडावर नेलं, मांजराला हाकललं आणि पदर खोचून आपटायला लागल्या. बऱ्याच दिवसांनी तो आवाज ऐकून आप्पा मळ्यातून डोकावून गेले. त्या दिवशी कॉम्प्युटर सकाळी नऊला लावला तो दिवेलागणीपर्यंत चालला. एकदाही नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि मला वाटलं, सापडलं: वॉशिंग मशीन वीज ओढतं. आईलाही मी तेच सांगायला निघाले होते. वहिनी म्हणाल्या, "थांबा, उद्याचा दिवस जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. धुणं नाही. वॉशिंग मशीनचा प्लग तसाच काढलेला. सकाळभर बरं चाललं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला, मी डोळ्यांत तेल घालून बसलेली असताना, टक.

मी डोक्याला हात लावला. म्हणजे वॉशिंग मशीनही नाही. तीन दिवस उरले होते. वहिनी मात्र माझ्याकडे नाही, वहीकडे बघत होत्या. "खोडलेला गुरुवार," त्या म्हणाल्या. "आन् हा गुरुवार. ताई, आई गुरुवारी काय करत नाय?"

धुणं. आम्ही दोघी एकदमच उठलो आणि मागच्या दाराने बाहेर आलो. दगड कोरडा ठणठणीत. शेजारी वाळलेला अळू, नुसते देठ. मी ते देठ बाजूला सारले, तेव्हा मला जमिनीतून वीतभर वर आलेला एक गंजका लोखंडी पाइप दिसला, आणि त्याला गुंडाळलेली काळी वायर, जी भिंतीच्या कडेकडेने आमच्या मीटरच्या पेटीपर्यंत गेली होती. हिरव्या पानांच्या आड इतकी वर्षं ती मी पाहिलीच नव्हती. मी आत पळत जाऊन मल्टिमीटर प्लगमध्ये घातला. एकशे साठच्या आसपास काटा. "वहिनी, पाणी टाका!" मी ओरडले. त्यांनी टाकीतून बादली भरून त्या पाइपापाशी ओतली. काटा हलला. दुसरी बादली. मधल्या खोलीतला पिवळा बल्ब माझ्या डोक्यावर हळूहळू उजळत गेला. तिसरी बादली. दोनशेच्या पुढे. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही, पण बाहेरून वहिनी विचारत होत्या, "वाढलं का? ताई, वाढलं का?" आणि मी नुसती "हो, हो" करत होते.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घरात वीज एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. आमची परतीची तार खांबावरच्या जोडात गंजून तुटायला आली होती. लाइनमनची वाट बघून कंटाळल्यावर जमिनीत पाइप ठोकून वीज मातीतून परत पाठवायची, ही तेव्हा मळ्यामळ्यांतली युक्ती. ओली माती वीज नेते, कोरडी अडवते. आईच्या धुण्याच्या पाण्याने ती माती बारा महिने ओली राहायची, आणि आमचं घर कसंबसं उजेडात असायचं. वहिनींच्या मशीनने ते पाणी पलीकडच्या बाजूला नेलं, वर उन्हाळा आला, आणि फ्रीज, ट्यूब, अळू, कॉम्प्युटर सगळे एका माळेत गेले. वहिनी माहेरी गेल्या की आई पुन्हा दगडावर धुवायची, माती ओली व्हायची आणि कॉम्प्युटर चालायचा, फक्त गुरुवार सोडून. आज हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो तो वेगळ्याच कारणाने. वॉशिंग मशीनला करंट मारेल म्हणून न शिवणारी माझी आई त्या पाइपाशेजारी ओल्या दगडावर अनवाणी उभी राहून इतकी वर्षं धुणं धूत होती. त्या गुरुवारी बादल्या ओतणाऱ्या वहिनीसुद्धा अनवाणीच होत्या, आणि ओत म्हणून ओरडणारी मी होते. असलं कुणी करू नये. आमच्यातलं कुणी मेलं नाही हा नुसता योग.

संध्याकाळी आप्पांना मागे नेऊन पाइप दाखवला. त्यांनी तो बघितला, टोपी काढली, परत घातली. "हा मीच ठोकला व्हता," ते म्हणाले. "तू बालवाडीत व्हतीस. तात्पुरता." आणि मग, आईकडे न बघता पण तिला ऐकू जाईल असं, "त्या पोरीचा काय संबंध नाय यात. माझं काम हाय हे." आप्पांना एवढं बोलताना मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. शनिवारी ते स्वतः वीज मंडळाच्या कचेरीत जाऊन बसले आणि वायरमनला सोबत घेऊनच आले. वायरमनने खांबावर चढून तुटका जोड काढला, नवी तार ओढली, खाली येऊन पाइपावरची वायर कापून टाकली आणि आप्पांना यथेच्छ बोलला. आप्पांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर कधी आपोआप बंद पडला नाही. माझा रिपोर्ट वेळेत गेला.

रविवार आला आणि गेला. सिन्नरचं नाव कुणी काढलं नाही. आई सकाळीच म्हणाली, "सुनंदा, आज शेंगोळे कर गं. जरा तिखट कर." माफी मागायची तिची पद्धत तीच, त्यापुढे ती कधी गेली नाही. वहिनींनी केले. सगळ्यांनी दोनदा घेतले. दादा जेवताना फार बोलत होता, हसत होता, आणि मला त्याचा राग येत होता. पण कुणाचा राग यायला मीच कुठे लायक होते?

सोमवारी पहाटे आम्ही दोघी खुडणीला शेजारशेजारच्या सरीत होतो. गुलाबाच्या पानांवर दव होतं, बोटं गार पडली होती. दोन दिवस मी मनाशी वाक्यं जुळवत होते. शेवटी नुसतंच म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं. वहीत तुमचं नाव लिहायला नको होतं."

त्यांनी हातातली जुडी पूर्ण केली, देठ सारखे करून बांधली, आणि मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर.

"तार तुटकी निघाली म्हणून मी चांगली ठरले, ताई," त्या म्हणाल्या. "तार धड असती, आन् कंपूटर तसाच बंद पडत राहिला असता, मंग?"

"मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं, आणि वहिनींना ते माझ्या आधी कळलं होतं. त्या पुढच्या झाडाकडे वळल्या.